सडणाऱ्या मालाचे राखणदार

माझ्या सुनेचे वडील, म्हणजे माझे व्याही, यांच्याइतकं घट्ट झाकण लावणारा माणूस पैठणपासून फर्दापूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. त्यांनी बंद केलेला डबा बाईला उघडत नाही आणि गड्यालाही उघडत नाही. एका दिवाळीत त्यांनी शेवेचा डबा पाठवला होता. तो उघडायला माझा मुलगा शेवटी पंक्चर काढणाऱ्याकडं घेऊन गेला. शेव कुरकुरीत होती, हे कबूल करते. डबा मात्र पुन्हा डबा म्हणून कामाचा राहिला नाही.

माणूस तसा वाईट नाही. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि चिकटपट्टीचं एक रीळ. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाहीत, त्याच्या पाठीमागच्या भिंतीला ओल आली आहे का ते बघतात. आयुष्यभर सरकारी धान्य गोदामात होते. निवृत्त झाले, त्याच वर्षी बायको गेली, आणि घरी बसून ते दोन महिन्यांत इतके वाळले की माझी सून त्यांचं नाव काढलं तरी रडायची. मग चितेगावात आमच्या घरामागं पिशव्यांचा जो छोटा कारखाना आहे, तिथल्या मालकानं त्यांना स्टोअर सांभाळायला बोलावलं. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लागला आणि माणूस महिन्याभरात सरळ झाला. जेवायला लागला, भांडायला लागला. तेव्हापासून आम्हा घरच्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. हा जुडगा आहे तोवर व्याही आहेत. तो गेला तर काय, ते आम्ही एकदा पाहिलं होतं आणि पुन्हा बघायची कुणाला हौस नव्हती.

या कारखान्यातल्या पिशव्या दिसायला प्लास्टिकच्या, पण वापरून झाल्यावर खताच्या खड्ड्यात टाकल्या की काही महिन्यांत मातीत मिसळून जातात. त्यासाठी मक्यापासून केलेले दाणे गोण्यांमधून येतात. पांढरे, गुळगुळीत, साबुदाण्यापेक्षा जरा टणक. ते वितळवून मशीन पिशवी फुगवतं. या दाण्यांची राखण करणं हे व्याह्यांचं काम. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "इवाई, जे सडण्यासाठीच जन्माला आलंय, ते सडू नये म्हणून तुम्हाला पगार देतात व्हय?"

ते हसले नाहीत. "इहीणबाई, सडायचं ते खड्ड्यात जाऊन सडायचं. माझ्या गोदामात नाय."

त्या दाण्यांचे लाड मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. इतके लाड माझ्या सुनेचे झाले नाहीत, आणि ती तर त्यांचीच मुलगी. दाण्यांना ओलसर हवा चालत नाही, कारण ओल पिऊन बसले की मशीनमध्ये त्यांचा दम तुटतो आणि पिशवी हाताला येतानाच फाटते. फार उष्णता चालत नाही, कारण मग एकमेकांना चिकटतात. म्हणून प्रत्येक गोणीला आतून चकचकीत चांदीसारखा कागद. गोणी उघडली, लागेल तेवढं घेतलं की त्याच क्षणी तोंड पिळून, सुतळी बांधून, वर चिकटपट्टी. गोणी जमिनीवर ठेवायची नाही, लाकडी फळ्यांवर ठेवायची. भिंतीला टेकवायची नाही, एक हात जागा सोडायची. सगळ्यांवर तारीख, आणि जी आधी आली ती आधी बाहेर जाणार. दाणे सांडले तर हातातलं काम टाकून आधी झाडायचे, कारण त्यावर पाय पडला की धडधाकट माणूस आडवा होतो.

इथवर ठीक. पण हा माणूस गोदामातून घरी यायचा तो गोदाम बरोबर घेऊनच. त्यांच्या घरी गेलात तर खाट खोलीच्या मधोमध, कपाट भिंतीपासून हातभर पुढं, टीव्ही त्याच्याही पुढं. आपण दारातून आत शिरलो की सगळं सामान आपल्याला भेटायला निघालं आहे असं वाटतं. तांदळाच्या डब्यावर तारीख, तिखटाच्या डब्यावर तारीख, देवाजवळच्या वातींच्या डबीवरसुद्धा. नवं लोणचं घातलं तरी गेल्या वर्षीचं संपल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि गेल्या वर्षीचं संपतं तोवर नवं हे गेल्या वर्षीचं झालेलं असतं. हा नियम ते पाहुण्यांनाही लावत. एका दिवाळीला फराळाला माणसं जमली होती. माझे दीर गप्पांत रंगलेले, चहा अर्धा राहिलेला. व्याही घड्याळ बघून म्हणाले, "तुम्ही नऊला आलात, हे साडेनऊला. आधी तुम्ही निघा." दीर वर्षभर रुसले होते. व्याह्यांना त्याचं कारण आजतागायत कळलेलं नाही.

लग्नातही तेच, आणि तेव्हा तर ते अजून सरकारी गोदामातच होते. माझ्या मुलाचं लग्न लागलं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. फोटोवाल्यानं हाक मारली, मुलीचे वडील कुठं आहेत? मुलीचे वडील हातात केरसुणी घेऊन मांडवात तांदूळ झाडत होते. मी म्हटलं, "अहो, लेक चालली तुमची!" ते वर न बघता म्हणाले, "जाऊ द्या. घसरून पडली तर सासरी लंगडत जाईल." त्या फोटोत सगळे आहेत, ते नाहीत. कोपऱ्यात केरसुणीचं टोक तेवढं दिसतं.

एकदाच त्यांच्या कटकटीचा मला उपयोग झाला, तो लपवणार नाही. गुळाचा पाक करताना उकळता पाक माझ्या दोन बोटांवर पडला. मी तो ओढून काढायला गेले, तर व्याही ओसरीवरून ओरडत आले. "ओढू नका! कातडी येईल! गरम माल अंगाला चिकटला तर काढायचा नाय, पाण्याखाली धरायचा!" माझा हात त्यांनी नळाखाली धरायला लावला आणि घड्याळ बघत उभे राहिले. मशीनमधून निघालेल्या गरम लगद्यासाठी त्यांनी कारखान्यात हाच नियम लावलेला होता. मी शिव्या घालत होते आणि ते "अजून पाच मिनिटं" म्हणत होते. बोटांना डाग राहिला नाही.

गोदामाच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती. "ज्याच्या हातून माल बिघडेल, त्यानं या दारातून आत येऊ नये." ती शोभेची नव्हती. एका हमालानं लोखंडी आकडा लावून गोणी ओढली आणि आतला कागद फाडला. दुसऱ्यानं ओल्या हातगाडीवरून गोण्या आणल्या. दोघांना त्यांनी गोदामातून काढून बाहेरच्या कामाला लावलं. दोघांनी हात जोडले, मालकानं रदबदली केली, व्याह्यांनी पाटीकडं बोट दाखवलं.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात गोदामाचे पत्रे बदलायचे ठरले. माल आठ दिवस कुठं ठेवायचा? आमची मधली खोली दगडी भिंतींची, मोठ्या उन्हाळ्यातही गार. पूर्वी तिथं आमची ज्वारी असायची. व्याह्यांनी तीन वेळा येऊन खोली हुंगली, घड्याळासारखं एक यंत्र भिंतीवर टांगलं, ते हवेतली ओल दाखवतं म्हणाले, आणि मगच गोण्या आल्या. बहुतेक गोण्या शिलाई न उसवलेल्या, तीन तेवढ्या उघडून पुन्हा बांधलेल्या. भिंतीवर सूचनांचा कागद चिकटवला. चौदा सूचना. पहिली सगळ्यात मोठ्या अक्षरात: माल गार ठेवावा.

दोन दिवसांनी त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शहरात जायचं होतं. खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून त्यांनी ती दोनदा परत घेतली. मुलीला सासरी धाडताना असं केलं नव्हतं.

"इहीणबाई, कागद वाचला ना?"

"चौथी शिकलेय मी. वाचता येतं."

"तसं नाय. लक्षात ठेवायचं."

"पन्नास वर्षं धान्य सांभाळलं, एक पोरकिडा लागू दिला नाय. जा तुम्ही, डोळा सांभाळा."

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की अंगणात पाय ठेववेना. मी खोलीत डोकावले. मला तरी खोली गरम वाटली. पहिली सूचना काय, तर माल गार ठेवावा. म्हणून मी बैठकीतला कूलर उचलून मधल्या खोलीच्या खिडकीत लावला, पाणी भरलं, आणि जोरात सोडला. मग वाटलं, त्या तीन गोण्या गळा आवळल्यासारख्या बांधल्यात, आत वारा जाणार कसा? बंद धान्याला कोंदट वास येतो. म्हणून त्यांची तोंडं मोकळी करून कूलरकडं वळवली. भिंतीवरच्या यंत्राचा काटा सरकत सरकत उजवीकडं गेला. मला वाटलं, बरं चाललंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाण्यांत हात घातला तर हाताला ओल लागली. कूलर थेंब उडवत होता. आता ओल्या धान्याचं काय करतात हे मला कुणी कागदावर लिहून द्यायची गरज नव्हती. शेजारणीला हाक मारली, दोघींनी मिळून तिन्ही गोण्या घमेल्यांनी गच्चीवर नेल्या, जुनी लुगडी अंथरली, आणि दाणे पातळ पसरले. वरून लिंबाचा पाला टाकला, कीड लागू नये म्हणून. उन्हात नको अशी एक सूचना कागदावर होती. मी ती वाचलेली होती. पण माझ्या घरात, माझ्या गच्चीवर, वाळवणाचं मला कागदानं शिकवावं हे काही मला पटलं नाही.

दुपारी हलवायला गेले तर दाणे हलेनात. सगळे एकमेकांना धरून बसले होते. पाल्यासकट, लुगड्यासकट. मी एक टोक उचललं तर गच्चीभर एकच पोळी उठली. शेजारीण म्हणाली, "मावशी, ह्याच्या वड्या पाडायच्या काय?" मी तिला घरी पाठवलं.

संध्याकाळी व्याही आले, काळा चष्मा लावून, सुनेचा हात धरून. पायऱ्या चढू नका म्हटलं तरी चढले. गच्चीवर उभे राहिले. एका डोळ्यानं बघितलं, खाली बसले, हातानं चाचपलं. लिंबाचं एक पान दाण्यांतून उपसायचा प्रयत्न केला. ते निघालं नाही.

"ह्याला पाला कशाला?" त्यांनी हळू विचारलं.

"कीड लागू नये म्हणून."

"इहीणबाई, हे प्लास्टिक हाय."

"मक्याचं हाय म्हणाला होता तुम्ही."

त्यांच्या ओरडण्याची मी वाट बघत होते, माझी तयारीही होती. ते ओरडले नाहीत. खाली येऊन त्यांनी मालाबरोबर आलेलं रजिस्टर मागितलं. तारीख लिहिली, तीन गोण्या लिहिल्या, 'नाकारला' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं.

"लिहा माझं नाव," मी म्हटलं. "कूलर मी लावला, तोंडं मी सोडली, उन्हात मी घातलं. शेजारणीची साक्ष घ्या पाहिजे तर."

"किल्ली कुणी दिली?"

"किल्ली माझ्याकडं होती ना?"

"दिली कुणी, ते विचारतोय." त्यांनी चष्मा सारखा केला. "गार म्हणजे कूलर नव्हं, हे मी सांगायला पाहिजे होतं. चौदा सूचना लिहिल्या, तेवढं लिहिलं नाय. गफलत माझी." आणि कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, खाली सही केली.

सकाळी मी कारखान्यात गेले. मालक तरुण आहे, शिकलेला, मला आजी म्हणतो. मी म्हटलं, "माल मी खराब केला. माझ्या इवायांचा काही दोष नाय. काय करायचं ते माझं कर."

तो डोक्याला हात लावून बसला होता. "आजी, तीन गोण्यांनी माझं काही अडत नाही हो. फर्दापूरच्या हॉटेलांना द्यायच्या पिशव्या बाकीच्या मालातून निघतात. पण काकांनी सकाळीच किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी त्यांच्या हातात दिल्या, त्यांनी पुन्हा ठेवल्या. तीनदा झालं. तुम्ही समजवा."

मी तशीच त्यांच्या घरी गेले. कामाचा दिवस, सकाळचे अकरा, आणि हा माणूस खोलीच्या मधोमध खाटेवर बसलेला. कमरेला जुडगा नाही, त्यामुळं शर्ट एका बाजूला लोंबायचा तो सरळ झालेला.

"उठा," मी म्हटलं. "लई झाला शहाणपणा. मालक बोलावतोय."

"पाटी वाचली हाय का तुम्ही दारावरची?"

"पाटी तुम्हीच लावली, तुम्हीच काढा."

"त्या दोघांना मी त्याच पाटीवरून काढलं, इहीणबाई. एकाची बायको बाळंत व्हायची होती, तो रडत होता. मी म्हणलं, नियम म्हंजे नियम." ते माझ्याकडं बघत होते, भिंतीकडं नाही. "आता मी कोणत्या तोंडानं आत जाऊ?"

मी माठातलं पाणी पिऊन परत आले.

पत्रे बसले, माल परत गेला, आणि स्टोअरला नवी बाई आली. दोन लेकरांची आई, शेंद्र्याच्या कारखान्यात दहा वर्षं स्टोअर सांभाळलेली, कॉम्प्युटर येणारी. व्याह्यांनी आठ दिवस दारात उभं राहून तिला सगळं सांगितलं. दाराच्या आत पाऊल ठेवलं नाही. मग तेही संपलं. ते दुपारी आमच्याकडं येऊन बसू लागले. सून ताट वाढायची, ते अर्धी भाकरी खाऊन ताट बाजूला सारायचे. एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचा डबा उघडा पडला होता. त्यांनी तो बघितला. मी वाट बघितली. ते झाकणाला हात न लावता ओसरीवर जाऊन बसले. शेवटी झाकण मीच लावलं.

मी माफी मागितलेली नाही. मागून काय होणार होतं? दाणे सुटे होणार नव्हते. मी एक दिवस दुपारच्या सुट्टीत त्या नव्या बाईला गाठलं.

"तू आमच्या इवायांना फोन करून काही ना काही विचारत जा," मी म्हटलं.

ती गोंधळली. "आजी, मला येतं सगळं. दहा वर्षं हेच केलंय. काय विचारू?"

"ते तू बघ. आठवड्यातनं एकदा तरी तुझं अडलं पाहिजे."

"आणि नाय अडलं तर?"

"तर खोटं अडव."

ती म्हणाली, "तुमच्या हातचं लोणचं लई भारी असतं असं ऐकलंय." मी दुसऱ्या दिवशी बरणी पोचवली. बाई हुशार आहे, स्टोअर नीट सांभाळेल.

गेल्या आठवड्यात व्याही आमच्याकडं जेवत होते. पहिला घास घेतला आणि फोन वाजला. नाव बघून ते ताटावरून उठले, उष्ट्या हातानं, आणि ताठ उभे राहिले. फोनवर बोलायला उभं का राहावं लागतं ते मला ठाऊक नाही.

"हां, बोला बाई. काय? दोन गोण्यांवर एकच तारीख? मग त्यात काय घाबरायचं! नाय नाय, रडू नका. आधी मला सांगा, फळीवर खाली कोणती हाय?"

ती बाई रडणाऱ्यातली नव्हे. पण लोणच्याची बरणी मोठी होती.

बराच वेळ बोलून ते खाली बसले. कपाळाला घाम, आवाज चढलेला. "इहीणबाई, बाई शिकलेली हाय, पण ह्या मालाचं तिला काय कळत नाय. माझ्यावाचून तिचं पान हलत नाय बघा."

"नाय ना," मी म्हटलं. "कसं हलंल?"

त्यांच्या ताटातली भाकरी गार झाली होती. मी ती काढली आणि तव्यावरची टाकली. ती त्यांनी सगळी खाल्ली, आणि सुनेकडं न बघता ताट पुढं सरकवून आणखी एक मागितली.